तागडी आणि चोर काटा

आमच्या फिजिक्सच्या विभागप्रमुखांना मी अजून माफ केलेलं नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं माझ्या सुनेचं म्हणणं आहे. तिला कुणी कधी जिना दाखवला नाही, तिला तसं वाटणारच. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं डोंबिवलीतच कुठेतरी असतील, त्यांचा ह्यात दोष नाही. कॉलेजात सगळे त्यांना हेडसर म्हणायचे, इथंही तेवढं पुरे. वीज, चुंबक आणि गुरुत्वाकर्षण ह्या तीन गोष्टी मला आयुष्यात नीट कळल्या त्या हेडसरांच्या रागापायी कळल्या. त्यांनी शिकवल्या म्हणून नाही. हे मी मुद्दाम वेगळं करून सांगते, कारण त्यांच्या निरोप समारंभात मला स्टेजवर बोलावून ‘सरांची घडवलेली विद्यार्थिनी’ म्हणाले होते आणि मी माइकवर काही न बोलता खाली उतरलेली.

आमचं घर डोंबिवलीच्या मोठागावात, खाडीला पाठ लावून. दोन खोल्या, वर कौलं, पुढं अंगण आणि अंगणात बांबूच्या दांड्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील. भरतीला पाणी मागच्या भिंतीजवळ यायचं आणि बांधून ठेवलेल्या होडीच्या बुडाला थापा मारायचं. त्या आवाजावर मी अभ्यास केला. आता शांत खोलीत मला वाचता येत नाही, नळ थोडा सुरू ठेवावा लागतो, त्यावरून घरात भांडण होतं. आई पहाटे स्टो पेटवायची, त्याच्या फरफरीत बाबांचं खोकणं मिसळायचं. तांदळाची भाकरी आणि जवळा. ओहोटीला चिखलात निवट्या मिळाल्या तर त्यांचं कालवण, कैरी घालून. कॉलेजातल्या मुली डब्यात साबुदाण्याची खिचडी आणायच्या, माझा डबा उघडला की बाक सरकवायच्या. मी डबा बंद करून कधी खाल्लं नाही. झाकण उलटं ठेवायची आणि सावकाश खायची.

घरातल्या आढ्याला दोन वस्तू टांगलेल्या होत्या. एक आईची तागडी. आई-बाबा तिला तागरी म्हणायचे, होडीला होरी म्हणायचे तसं. आमच्याकडच्या इतर बायका वाटे लावून विकायच्या, माझी आई तोलून विकायची आणि तिच्या तोलावर कुणी बोट ठेवलेलं मला आठवत नाही. तोलून झालं की गिऱ्हाइकाच्या भांड्यात वर एक मासा टाकायचा, बोटाएवढा का असेना, ही तिची रीत. भांडून गेलेल्या बाईलाही वर एक मिळायचा. दुसरी वस्तू म्हणजे एक गंजलेला, लटकवायचा स्प्रिंगचा काटा. वर कडी, खाली आकडा, मधे पितळेच्या पट्टीवर सरकणारी सुई. त्याला आम्ही चोर म्हणायचो. खाडीच्या तोंडाशी व्यापारी होडीला होडी लावून माल घ्यायचे, आणि होडी लाटेवर वर-खाली व्हायची तशी काट्याची सुईही नाचायची. सुई कमी दाखवते नेमक्या त्याच क्षणी व्यापारी म्हणायचा, चला, एवढं भरलं. एका व्यापाऱ्याच्या हातून बाबांनी तो हिसकावून आणलेला, पुन्हा परत दिला नाही. होडीवर काट्यानं मोजायचं नाही, तागडीनंच मोजायचं, हा आमच्यातला नियम. तागडी लाटेवरही खरं बोलते. का, ते कुणी सांगत नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ही माझी चूक पुढं मला महागात पडली.

आमच्या आळीतून बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली. मुलींमधली पहिली असं लोक म्हणतात तेव्हा मी दुरुस्त करते. मुलग्यांतही कुणी नव्हतं. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल होतं: तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर सरकवायचा आणि तारेला जोडलेल्या यंत्राची सुई हलते ती बघायची. चुंबक हलला की तारेत वीज. मी केलं, सुई हलली. मग मला वाटलं उलट करून बघावं. चुंबक टेबलावर गप्प ठेवला आणि वेटोळं त्याच्यावर आणलं. सुई तेवढीच हलली. मी जर्नलमध्ये लिहिलं: चुंबक हलवला काय नि तार हलवली काय, सुई तेवढीच हलते, म्हणजे गोष्ट एकच असावी. हेडसरांनी पानभर लाल रेघ मारली आणि सगळ्या बॅचसमोर मला उभं केलं.

“ही दोन वेगळी कारणं आहेत,” ते म्हणाले. “चुंबक हलला तर तारेत विद्युतक्षेत्र तयार होतं. तार हलली तर तिच्यातल्या विद्युतभारांवर चुंबकाचा जोर पडतो. पुस्तकात दोन वेगळी प्रकरणं आहेत. वाचलीस का?”

“वाचली सर. पण सुईला दोन प्रकरणं माहीत नाहीत.”

मुलं हसली. मी हसवायला बोलले नव्हते. हेडसरांनी चष्मा काढून पुसला, हा त्यांचा राग.

“खाडीवरचं शास्त्र खाडीवर ठेव. इथं जर्नल असतं, मासळीचा बाजार नव्हे.”

घरी येऊन मी बाबांना विचारलं. ते जाळं सांधत बसलेले. बाबा तिसरी शिकलेले, वीज म्हणजे त्यांना मीटर आणि बिल. मी सगळं सांगितलं तर त्यांनी मान वर न करता विचारलं, “आपलं खुटांना बांधलेलं जालं कसं भरतं?”

“पाणी धावतं, मासळी आत ढकलली जाते.”

“आन होरीनं वरलेलं?”

“होडीनं ओढलेलं? तिथं होडी धावते, पाणी उभं असतं.”

“मग जाल्याला काय कलतं, पानी धावतं का होरी? जालं भरतं. तुजा मास्तर कंदी जाल्यात बसलाय?”

ह्या बोलण्यावर मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. कॉलेजच्या लायब्ररीत एक पातळ मराठी पुस्तक मिळालं, पुठ्ठा गेलेलं, सापेक्षतेवरचं. त्यात लिहिलं होतं की पेटंट कचेरीतल्या एका तरुण कारकुनाला नेमका हाच प्रश्न डाचत होता, चुंबक आणि वेटोळ्याचा. जे घडतं ते एकच, मग सांगायला दोन गोष्टी कशाला? त्यानं सांगितलं की वीज आणि चुंबकत्व ह्या दोन वस्तू नाहीतच. एकाच गोष्टीची ती दोन अंगं आहेत, आणि तुम्ही कशाबरोबर चालताय त्यावर कुठलं अंग दिसणार ते ठरतं. तारेवर बसून बघाल तर विद्युतक्षेत्र, चुंबकावर बसून बघाल तर चुंबकाचा जोर. सुई दोघांनाही सारखीच हललेली दिसते. मी ते पान तिथंच उभ्यानं चार वेळा वाचलं. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला संताप आला. लाल रेघ मारणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच होतं.

आता लिफ्टचं. हेडसर स्टेशनच्या पूर्वेला एका सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायचे. डोंबिवलीत तेव्हा लिफ्टवाल्या इमारती बोटावर मोजण्याइतक्या. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. लिफ्टच्या जाळीच्या दाराशेजारी त्यांच्या सहीचा बोर्ड होता: मासळी विक्रेत्यांनी लिफ्टचा वापर करू नये. मासळी मात्र त्यांच्या घरी आवडायची, रविवारी आणि बुधवारी पाटी दारात लागायची. ती पाटी माझ्या आईची. पाच मजले चढून, डोक्यावर ओली पाटी, खाली चुंबळ, गुडघ्याला फडकं बांधलेलं. (मी आता राहते त्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत, एकीवर लिहिलंय डिलिव्हरीवाल्यांसाठी. मी प्रत्येक मीटिंगमध्ये त्याविरुद्ध बोलते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये लोक घड्याळाकडे बघतात.)

एका बुधवारी आईचा गुडघा सुजलेला. पाटी मी घेतली आणि सरळ लिफ्टमध्ये शिरले. दार ओढलं, बटण दाबलं, आणि लिफ्ट निघाली तशी पाटी मानेवर बसली, वरून कुणी हात ठेवल्यासारखी. मग नेहमीसारखी झाली. पाचवा मजला आला, लिफ्ट थांबायला लागली तर पाटी हलकी, चुंबळ सैल झाल्यासारखी. मी पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. पाटीत बोंबील होते, ते काही वाढले-घटले नव्हते.

पुढच्या आठवड्यात वर्गात हेडसरांनी गुरुत्वाकर्षण काढलं. बंद लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट त्यांनी सांगितली, तोच कारकून पुढं तिच्यावर विचार करत बसलेला: आपले पाय जमिनीला दाबले जातात ते पृथ्वी ओढते म्हणून का लिफ्ट वर वेग घेते म्हणून, हे आतल्या माणसाला कुठल्याच प्रयोगानं सांगता येत नाही. गोष्ट छान सांगितली, हे मान्य करते. मी हात वर केला.

“सर, खरं आहे ते. लिफ्ट निघताना डोक्यावरची पाटी जड होते. थांबताना हलकी.”

“कुठल्या लिफ्टमध्ये?” त्यांनी विचारलं.

वर्गाला कळलं नाही, मला कळलं. “तुमच्या,” मी म्हटलं.

त्यांनी खडू खाली ठेवला. “हा विचारातला प्रयोग आहे. अशा माणसानं केलेला, ज्याला गणित येत होतं. पाटीखाली उभं राहून मानेला काय वाटलं, त्याला आपण विज्ञान म्हणत नाही. मोजलंस?”

“नाही.”

“मग मोजून आण. आकडा आण. तिसऱ्या वर्षाला फिजिक्स घेणार ना तू? फॉर्मवर माझी सही लागते. आकडा आणलास तर सही, नाहीतर केमिस्ट्रीवाले घेतात कुणालाही.” मग वर्गाकडे वळून, “आणि मोजायला लिफ्ट कुठली वापरायची हे तिनं ठरवावं. आमच्याकडे बोर्ड आहे.”

फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते. केमिस्ट्री वाईट नाही, पण मला ती नको होती. जे आपल्याला कळलंय ते दुसऱ्याच्या सहीअभावी सोडायचं, हे मला आजही जमत नाही.

मी काय करावं? घरी गेले आणि आईची तागडी घेतली. कारण खरं बोलते ती तागडी, हे आमच्या रक्तात. दुपारी इमारतीत सामसूम असताना एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात किलोभर कोळंबी, आणि लिफ्टचं बटण दाबलं. माझे पाय दाबले गेले, मला स्पष्ट कळलं. तागडी हलली नाही. वर, खाली, पुन्हा वर. दांडी सरळच्या सरळ. माझ्या मानेनं माझ्याशी खोटं बोलावं तसं मला झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले आणि जे दिसलं ते सांगितलं. लपवायची आमच्यात पद्धत नाही.

“तागडी,” हेडसर म्हणाले. तो शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की शेवटच्या बाकापर्यंत हसू पोचलं. “तागडी घेऊन गेली ही लिफ्टमध्ये. बस खाली.” ते का हसले हे त्यांनी सांगितलं नाही. शिक्षक होते ते. त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं.

संध्याकाळी मी जेवले नाही. आईनं भाकरी पुढ्यात सरकवली, मी परत सरकवली. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, तिला हसण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही.

“तागरी कशी हलंल गो मंदे? दोनी पाररी येकाच लिफ्टीत ना? मासली भारी झाली तर वजनपन भारी झालं. आमी होरीवर तागरी का वापरतो मग?” आणि आढ्याकडे हनुवटी करून म्हणाली, “नाचायचा त तो चोर.”

मी वर बघितलं. एकोणीस वर्षं तो काटा माझ्या डोक्यावर लटकत होता. लाटेवर होडी वर उचलली गेली की तो जास्त दाखवायचा, होडी बसली की कमी, म्हणून आम्ही त्याला चोर ठरवलं. तो चोर नव्हता. वजन खरोखर तेवढं होत होतं, तेवढ्या क्षणापुरतं. तागडी गप्प राहत होती कारण तिच्या दोन्ही बाजू त्याच लाटेवर होत्या. आणि माणूस बंद लिफ्टमध्ये, आपल्या सगळ्या वजनांसकट कोंडलेला असला, तर पृथ्वी ओढतेय का लिफ्ट, हे त्याला कसं कळावं? चुंबक आणि वेटोळ्याची सुई तेच सांगत होती. कोण हललं ते ती सांगतच नाही. वीज-चुंबकाचं आणि वजनाचं मूळ एकाच प्रश्नात होतं, तुम्ही कुठं उभे आहात. मी भाकरी ओढून घेतली.

रविवारी सकाळी बाबांनी आणलेला जिताडा मी मागून घेतला. पाच किलोचा, खाडीतला राजा. आई कुरकुरली, “खेलायला जितारा नेतंस?” पण दिला. आम्ही दोघी इमारतीत गेलो, ती पाटी घेऊन जिन्यानं, मी लिफ्टनं. आई पोचली तशी पाचव्या मजल्यावर हेडसरांची बायको परात घेऊन दारात बसली, आईच्या पाटीतली पापलेटं निवडत. हेडसर मागं पेपर घेऊन, बनियन आणि लेंगा.

“सर, मोजायला आणलंय. माझा आकडा तुम्हाला खोटा वाटेल, म्हणून तुम्हीच बघा.”

“इथं नको. सोमवारी डिपार्टमेंटला.”

“डिपार्टमेंटला लिफ्ट नाही.”

त्यांची बायको म्हणाली, “जा ना हो, पोरगी एवढी आलीय तर.” समोरचं दार उघडलं होतं, तिथून कुणी बघत होतं. हेडसर चपला घालून लिफ्टमध्ये आले. मी जिताडा कल्ल्यातून आकड्याला लावला आणि काट्याची कडी त्यांच्या हातात दिली.

“तुम्ही धरा. नाहीतर म्हणाल माझा हात हलला.”

“हा वास,” ते म्हणाले.

“वासाला वजन नसतं, सर.”

सुई पाचावर होती. मी तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट सुटली आणि सुई साडेचाराकडे गेली, मग पाचावर आली आणि मजले जात होते तोवर पाचावरच राहिली. खाली थांबताना साडेपाचाकडे खेचली गेली. जिताड्याची शेपटी त्यांच्या लेंग्याला लागत होती. मी वरचं बटण दाबलं. निघताना साडेपाच, मधे पाच, थांबताना साडेचार.

“धक्क्यानं होतं ते,” पाचव्यावर ते म्हणाले.

“परत जाऊ या.”

परत गेलो. दुसऱ्यांदा खालून निघताना मी म्हटलं, “आता डोळे मिटा सर, आणि हाताला विचारा, मासा जड झाला का पृथ्वीनं जास्त ओढलं का लिफ्टनं.” त्यांनी डोळे मिटले नाहीत. पण हात खाली गेला, आणि तो खाली गेलेला त्यांना कळला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. एका क्षणापुरतं तिथं काहीतरी होतं, माझ्याबद्दल नाही, त्या सुईबद्दल. तीस वर्षं तोंडानं शिकवलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदा हातात धरलेली. तो चेहरा त्यांनी वर्गात कधी दाखवला असता तर हे प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं.

फॉर्म माझ्या पिशवीत होता. त्यांनी तो लिफ्टच्या भिंतीला टेकवून सही केली आणि काटा माझ्या हातात दिला. मग दार ओढता ओढता, आई समोर उभी असताना, मला म्हणाले, “झालं ना आता? पुढच्या वेळी जिन्यानं. सोसायटीचा नियम सगळ्यांना सारखा.” आणि आत जाऊन नळाखाली हात धुवायला लागले.

आईनं परातीतली पापलेटं एकेक करून परत पाटीत ठेवली. हेडसरांची बायको बघत राहिली. “संपली,” आई म्हणाली, भरल्या पाटीवर ओलं फडकं टाकलं, चुंबळ बसवली आणि जिन्यानं उतरली. त्या दिवसापासून ती त्या इमारतीचा जिना चढली नाही. रविवारी-बुधवारी फाटकाबाहेर, गुलमोहराखाली बसायला लागली. दोन आठवड्यांत सगळे मजले पिशव्या घेऊन खाली यायला लागले. विक्री तेवढीच झाली. मासळी पूर्वीसारखीच वर जात होती, आता लिफ्टनं, त्यांच्याच पिशव्यांतून, त्याच बोर्डासमोरून.

महिन्याभरानं एका रविवारी हेडसर स्वतः आले. मी आईशेजारी बसलेली, तिसऱ्या वर्षाचं पुस्तक मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सुरमई आहे का विचारलं.

आईनं सुरमई उचलली आणि विचारलं, “सायेब, तागरीनं देऊ का काट्यानं?”

“तागडीनंच द्या,” ते म्हणाले.

तिनं तोलून दिलं, कणभर कमी नाही. ते पिशवी उघडी धरून थोडा वेळ थांबले, डोंबिवलीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं आई वर एक टाकते. आईनं तागडी खाली ठेवली आणि पुढच्या बाईला विचारलं, “तुना काय?”